इंदूचं शेवटचं वाक्य

डोणगाव, ता. मेहकर
११ ऑगस्ट २०२५

चि. प्रतीक्षा हीस,
अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, तेव्हा पत्र. पत्र फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी माणूस चार ओळी वाचतोच. म्हणून पहिल्या चार ओळींतच सांगून टाकते, मी तुझा सिनेमा पाहिला.

नऊ वर्षांनी लिहायला बसले आणि ख्यालीखुशाली सोडून थेट सिनेमावर आले, तेव्हा तू म्हणशील, ताई काही बदलली नाही. नाहीच बदलली. वय छप्पन्न, साखर काठावर, कॉलेजातली नोकरी अजून दोन वर्षं. घरात मी एकटी. झाली खुशाली.

आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारी डिंपल आहे. तिनं परवा दुपारी स्टाफरूममध्ये लॅपटॉपवर लावून दिला. पडद्यावर नाव आलं, 'उतारावरचं घर'. मग 'सत्तर वर्षांपूर्वीच्या अभिजात नाटकावर आधारित', आणि त्याखाली 'पटकथा : प्रतीक्षा तुळशीराम'. आडनाव टाकलं नाहीस, बाबांचं नाव ठेवलंस. तिथपर्यंत मला बरं वाटत होतं. डिंपल ओरडलीच, "मॅडम, ह्या तुमच्या बहीण होय? तुम्ही तं कधी बोलल्याच नाही!" मी म्हटलं, आधी पाहू दे.

पाहिला. आता ऐक.

तू नाटक विसरलेली दिसतेस, म्हणून डिंपलला सांगितलं तेच तुलाही सांगते. आईबाप नसलेल्या दोन बहिणी. थोरली वत्सला, तिनं धाकट्या इंदूला वाढवलेलं. इंदूचं ज्याच्याशी जमलं तो परगावी जातो आणि तिथून चिठ्ठी पाठवतो, अमक्या दिवशी ये, मी वाट पाहतो. चिठ्ठी वत्सलाच्या हातात पडते आणि ती नाहीशी करते. तो वाट पाहून पाहून कायमचा निघून जातो. पंधरा वर्षांनी इंदूला हे कळतं, आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी दोघी समोरासमोर येतात. वत्सला सगळं कबूल करून मान खाली घालून बसते. तेव्हा इंदू जवळ येते आणि म्हणते, "चिठ्ठी गेली तर गेली, अक्का. तू आहेस ना." पडदा.

सगळं नाटक त्या एका वाक्यासाठी रचलेलं आहे. आणि तू ते वाक्यच काढून टाकलंस! तुझी इंदू एक अक्षर बोलत नाही. उठते, आत जाते, दार लावते. कॅमेरा तेवढा वत्सलाच्या तोंडावर राहतो. मी घड्याळ लावून पाहिलं, एक मिनिट आठ सेकंद. एका बाईचं तोंड इतका वेळ पाहायला लावणं याला कला म्हणतात की चौकात उभं करणं म्हणतात?

आणि त्या नटीनं पदर कमरेला डाव्या बाजूनं खोचलाय. आपल्या घरात डाव्या बाजूनं कोण खोचतं, प्रतीक्षा? डावखुरी कोण आहे? मला काही कळत नाही असं समजू नकोस. नाटककाराच्या खांद्यावर बंदूक ठेवून तू कोणावर नेम धरलास ते पहिल्याच फेरीत कळलं.

तेव्हा तेही बोलूनच टाकते. आई गेली ती अचानक गेली. कळवायला वेळ नव्हता. तुझं दिल्लीला ते पटकथेचं शिबिर चालू होतं, नाव मोठं होतं, तुझं नुकसान होऊ नये असं मला वाटलं. एवढंच आहे. त्याच्यावर दोन तासांचा सिनेमा काढायची गरज नव्हती.

उत्तर पाठव. नाही पाठवलंस तरी मला समजायचं ते मी समजेन.

तुझी,
ताई

१३ ऑगस्ट

प्रतीक्षा,

परवाचं पत्र पेटीत पडलं आणि घरी येईपर्यंत मला आणखी चार मुद्दे सुचले. काल दिवसभर वर्गात लक्ष नव्हतं. एका मुलीनं विचारलं, मॅडम, तब्येत बरी नाही का. तिला उगाच रागावले.

सोबत माझ्या नोट्सची झेरॉक्स जोडतेय. हे नाटक दोन वर्षं बी. ए.ला नेमलेलं होतं तेव्हा काढलेल्या आहेत. मेहकर, लोणार, चिखली, सगळीकडे फिरल्या. मुलं अजून मागायला येतात. पान पाच वाच, 'इंदू : पात्रचित्रण'. मी लिहिलंय, 'इंदूच्या अखेरच्या वाक्यात तक्रारीचा लवलेश नाही. नाटककाराने येथे जाणीवपूर्वक अलंकार टाळला आहे. ज्या क्षमेला शब्द शोधावे लागतात ती क्षमा नव्हे, हे नाटककाराचे जीवनसूत्र या साध्या वाक्यातून प्रकट होते.' या उत्तराला मुलांना आठपैकी सात-सात गुण पडले आहेत.

तुझ्या सिनेमात काही चांगलं नाही असं मी म्हणणार नाही. नाटकात एक ओसरी आणि एक दार, बाहेरचं सगळं आपण मनात रचायचं. तू घराबाहेर गेलीस. तो माणूस फाट्यावर एसटीची वाट पाहत उभा आहे, एक गाडी जाते, दुसरी जाते, तो पाणी पितो, पुन्हा उभा राहतो. ते मी नाटकात कधी पाहिलं नव्हतं. वत्सलानं नुसती एक चिठ्ठी नाहीशी केली असं मला नेहमी वाटायचं. तिथं एक माणूस उन्हात उभा होता हे तुझ्यामुळं दिसलं. ते मान्य.

पण म्हणून इंदूला मुकं करायचं? नाटककार हयात असता तर त्यानं काय म्हटलं असतं? थोरांच्या कलाकृतीला हात लावताना बाबा काय सांगायचे, आठव. स्वल्पविरामसुद्धा आपला घालायचा नाही.

पत्र टाकायला स्वतः जातेय, शिपायाकडे देत नाही.

ताई

३० ऑगस्ट

प्रतीक्षा,

तुझं पाकीट मिळालं. आत छापील पुस्तकाची शेवटची दोन पानं, झेरॉक्स. चिठ्ठी नाही, एक ओळ नाही, 'ताई' नाही. पेन्सिलनं शेवटच्या रंगसूचनेखाली रेघ मारलीस, तीसुद्धा पट्टी लावून.

'इंदू काही बोलत नाही. वत्सलाकडे न पाहता आत जाते. दार लागल्याचा आवाज. वत्सला तशीच बसून. पडदा.'

ही कुठली आवृत्ती आहे? उत्तर देण्याआधी मी खात्री करणार आहे. मागून कोणी बदल केला असेल. प्रकाशक करतात असले उद्योग. माझ्याजवळ बाबांची वही आहे, दोनशे पानी, शाईनं उतरवलेली. मेहकरच्या वाचनालयातून आठ दिवसांच्या बोलीनं पुस्तक आणून बाबांनी ते अक्षर अन् अक्षर उतरवलं होतं. मग त्या वहीवरून इंद्रभानकाकांनी एकेकाची नक्कल काढली, म्हणजे ज्याला जेवढं बोलायचं तेवढीच वाक्यं आणि आधीच्या माणसाचे शेवटचे दोन शब्द. आपल्या गावच्या नाट्यमंडळात कोणी पुस्तक पाहिलं नाही आणि कोणाला गरजही पडली नाही. मला ते नाटक पाठ आहे. पाठ असलेलं नाटक कोण पुन्हा वाचतं?

वहीत शेवटच्या पानावर ते वाक्य आहे. बाबांच्या अक्षरात. तेव्हा तुझी पेन्सिल तुझ्यापाशी ठेव.

ताई

७ सप्टेंबर

प्रतीक्षा,

पुस्तक मिळालं. मेहकरच्या वाचनालयात अजून तेच आहे, खाकी पुठ्ठ्याचं, पहिली आवृत्ती. मागच्या कार्डावर बाबांची सही आहे, ऑक्टोबर १९९०. म्हणजे वही ज्या पुस्तकावरून उतरली तेच हे. तिथंच उभी राहून शेवटचं पान काढलं. तू पाठवलं तेच आहे. इंदू काही बोलत नाही.

बाकावर बसले. पस्तीस वर्षं मी एका नाटकाचा शेवट चुकीचा धरून चालले आणि तसाच शिकवला. मुलांनी लिहिला, पेपर तपासणाऱ्यांनी त्याला आठात सात दिले, म्हणजे त्यांनीही पुस्तक उघडलं नव्हतं. नाटककाराचं जीवनसूत्र म्हणे! मला हसू आलं आणि लगेच घाम आला. तिथल्या बाईंनी पंखा लावला.

घरी आले आणि वहीचं शेवटचं पान खिडकीशी धरून पाहिलं. आधीचं लिहिलेलं खोडलेलं आहे, त्यावर पांढरा कागद डकवलाय आणि वाक्य त्या कागदावर आहे. इतकी वर्षं वही हाताळली, मला तो कागद दिसला नाही असं नाही. वाटायचं, पान फाटलं असेल म्हणून डकवलं.

आज रविवार. सकाळी इंद्रभानकाकांकडे गेले. आपले प्रॉम्प्टर. आता शहात्तर वर्षांचे आहेत, शिवणकाम बंद केलंय, ऐकू चांगलं येतं. तुझी आठवण काढतात. मी म्हटलं, काका, इंदूचं शेवटचं वाक्य पुस्तकात नाही, बाबांनी का घातलं?

ते हसायलाच लागले. "पुस्तकात कसं राहीन? थे तं तुह्या लहानीचं वाक्य हाय!"

मी म्हटलं, म्हणजे?

त्यांनी जे सांगितलं ते तुला माहीत आहे. मला माहीत नव्हतं. मी तेव्हा बुलढाण्याला होस्टेलवर होते, प्रयोगाच्या चार दिवस आधी आले. बाकी कोणी आपल्या पोरी स्टेजवर चढू देईना म्हणून बाबांनी स्वतःच्या दोन उभ्या केल्या होत्या. मी येईपर्यंत महिनाभर वत्सलाची वाक्यं बाबा वाचायचे आणि तू समोर उभी, तेरा वर्षांची, आईच्या साडीत.

काकांचे शब्द जसेच्या तसे लिहिते, बाबांना ते अजून मास्तरच म्हणतात. "मास्तर म्हने, आता पाठ फिरवून आत जाय. थे पोट्टी जायेच ना. चार खेप केलं. मास्तरचं वाक्य संपलं का हे जाग्यावर उभी. मास्तर म्हने, काऊन जात नाई वं? तं म्हने, 'ताई बसून रडून राह्यली अन् मी आत जाऊन दार लावू?' मास्तर म्हने, अवं ताई नोहे, वत्सला हाय थे. तं म्हने, 'मले तं ताईच दिसते.' आता काय करतं! मास्तरनं लय समजावलं, रागावले, एक दिवस तिले जेवाले नाई बोलावलं. नाईच. शेवटी म्हने, बरं, तं मंग तिले काय म्हनशीन? तं पोट्टीनं पट्टकन म्हनलं, 'चिठ्ठी गेली तं गेली वं अक्का, तू हायेस ना.' मास्तरनं चष्मा पुसला. तिथंच वहीत कागद डकवला अन् पुस्तकी भाषेत लिवून घेतलं. मले म्हने, इंद्रभान, मोठीले सांगू नको. तिले वाटन, बापानं नाटक नासवलं."

बरोबर ओळखलं होतं बाबांनी. मी तेव्हाच भांडले असते.

काकांनी चहा पुढे केला, तो मी तसाच ठेवला. प्रयोग दुपारी झाला होता, दिव्यांचा भरवसा नव्हता म्हणून. मी मान खाली घालून बसले होते, आणि तुझे हात माझ्या मानेभोवती आले. आठवतंय मला. साडीला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. मी त्याला आजवर दिग्दर्शन समजत होते.

आता माझी लाज मी लिहून देते, म्हणजे तुला कल्पना करत बसावं लागणार नाही. जे तू तेरा वर्षांची असताना स्वतःच्या मनानं मला दिलंस, ते मी एका मोठ्या नाटककाराचा नियम समजून तुझ्याकडून मागत राहिले. नियमाप्रमाणे थोरलीनं कबूल करायचं, धाकटीनं माफ करायचं आणि पडदा. वरून तुला नोट्स पाठवल्या, पान पाच वाच म्हणून.

आणि तू नुसती पानं पाठवलीस. ते वाक्य माझंच आहे, असं एका शब्दानं म्हणाली नाहीस. का नाही म्हणालीस? मला खाली पाहायला लागू नये म्हणून, की मी ते स्वतः शोधावं म्हणून? सांगू नकोस. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मला सोसणार नाही.

ताई

९ सप्टेंबर

हे पत्र टाकीन की नाही ठरलं नाही.

मी परवाच्या पत्रात लिहायला हवं होतं ते लिहिलं नाही. नाटकातल्या वत्सलानं आधी कबूल केलं होतं. मी कुठं केलं? 'अचानक गेली, वेळ नव्हता' हे मी अकरा ऑगस्टच्या पत्रात लिहिलंय. ते खोटं आहे. आई चार दिवस पडून होती. हे तुला तेव्हाच शेजारच्या जयमालाबाईंनी सांगितलं, आणि म्हणून तू तेराव्याला न थांबता निघून गेलीस. मला ते माहीत आहे आणि तुला ते माहीत आहे. तरी मी पुन्हा तेच लिहिलं.

चार दिवसांत फोन करायला किती वेळ लागतो.

दोनदा उठले, दोनदा बसले. भाजी करपली. पुढचं लिहवत नाही.

२१ सप्टेंबर

प्रतीक्षा,

मधलं पत्रही यासोबत पाठवतेय. ते पेटीत टाकलं नव्हतं.

काल सिनेमा पुन्हा पाहिला. डिंपलनं लॅपटॉप घरीच दिला, म्हणाली, "मॅडम, निवांत पाहा." पहिल्यांदा मी शेवटाची वाट पाहत होते, भांडण शोधत होते. या वेळी वत्सलाकडे पाहिलं.

नाटकात ती चिठ्ठी पहिल्याच अंकात चुलीत टाकते. वहीत तसंच आहे आणि छापील पुस्तकातही. आता मी पुस्तक पूर्ण वाचलंय. तुझी वत्सला मात्र ती जाळत नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवते. इंदू शाळेत शिकवायला गेली की काढते, उघडते, आणि कागदाकडे न पाहता पुटपुटते, कारण तिला ती पाठ झालेली असते. असं तीनदा येतं. तिसऱ्या वेळी ती दारापर्यंत जाते, चिठ्ठी हातात धरून, इंदू समोरून येताना दिसते, आणि ती परत डब्याशी जाते. हा प्रसंग तुझा आहे. मूळ नाटकात वत्सला कठोर आहे. इंदूला जवळ ठेवायचं म्हणून चिठ्ठी जाळते आणि मोकळी होते. तू तिला मोकळं होऊ दिलं नाहीस, पण तिला समजून घेतलंस. पंधरा वर्षं ती बाई रोज देऊ देऊ करते आणि तिच्यानं देववत नाही. पहिल्यांदा पाहताना रागाच्या भरात मला हे दिसलंच नाही.

तिथं मी लॅपटॉप बंद केला. तुला कसं कळलं, प्रतीक्षा? माझ्यापाशीही दडवलेलं काही आहे हे तुला कळलं होतं, की तू नुसतं लिहिलंस? नुसतं लिहिलं असशील तर आता ऐक, कारण माझ्यापाशी खरंच आहे.

तुझ्या शिबिराचं कारण खोटं होतं. तुझं नुकसान वगैरे माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. मेहकरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं तेव्हा मी ठरवलं की तुला बोलवायचं नाही. अकरा वर्षं तिची लघवी-परसाकड मी काढली. तू दिवाळीला यायचीस, तीन दिवस हसवायचीस आणि जायचीस, आणि मग ती महिनाभर तुझ्याच गोष्टी सांगायची. मला वाटलं, शेवटचे चार दिवस तरी माझे असू देत. हे लिहायला मला नऊ वर्षं लागली.

आई तुझी वाट पाहत होती. रोज विचारायची, "लहानी आली काय?" मी म्हणायचे, गाडीत बसली आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या पायाला तेल लावत होते. काचबिंदूनं तिला दिसत नव्हतं हे तुला माहीत आहे. जयमालाबाई दारातून डोकावून गेल्या, कडीचा आवाज झाला. आईनं एकदम हात पुढे केला आणि म्हणाली, "लहाने, आली काय वं?"

मी हो म्हटलं.

का म्हटलं, विचारू नकोस. मी तुझ्यासारखं म्हटलं, तू म्हणतेस तसं लांबवून, "हाव आई, आली." तुझी नक्कल मला कोणी काढून दिली नव्हती, पण मला ती येत होती. तिनं माझा हात धरला आणि छातीशी नेला. मग हळू आवाजात, मला म्हणजे मोठीला ऐकू जाऊ नये म्हणून, ती बोलली. ते तुझ्याशी बोलली. एक शब्द इकडचा तिकडे न करता लिहिते.

"मोठी कुठी हाय? सैपाकघरात असन. हळूच ऐक. मोठीनं माह्यं लय केलं. पोटच्या लेकराचं करावं तसं केलं. पन मले तिच्यासमोर रडता येत नाई वं. मी रडली का तिले वाटते तिचंच काई चुकलं. मंग थे आनखी करते. मी तं तुह्यासाठी थांबून राह्यली. तुह्याजवळ रडू दे मले थोडं. अन् मले घेऊन चाल तुह्यासंगं. दोन दिस का व्हईना. तुहं घर पाहाचं राह्यलं माह्यं."

मी म्हटलं, रड आई. उद्या जाऊ आपण.

ती रडली. पंधरा-वीस मिनिटं, माझ्या मनगटावर तोंड ठेवून, लहान मुलीसारखी. मध्ये एकदा म्हणाली, "तुहे हात मोठीसारखेच झाले." मग झोपली.

त्या वेळी उठून तुला फोन लावायला हवा होता. तू दिल्लीहून निघाली असतीस तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचली असतीस. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. म्हणजे तू भेटली असतीस, आणि ती तुझ्याजवळ खरोखर रडली असती. मला हे तेव्हाही कळत होतं. फोन हातात होता. मला भीती वाटली की तू आलीस तर ती विचारेल, मग काल कोण होतं? आणि राग आला होता, की अकरा वर्षं करून तिला रडायला मी चालत नाही.

हे सगळं तुझ्यासाठीचं होतं आणि मी ते घेतलं. तिचं तुझं घर पाहायचं राहिलं, हे तुला आज माझ्याकडून कळतंय.

या पत्राला उत्तर मागत नाही. तू आत गेलीस आणि दार लावलंस तरी नाटककाराचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. कॉलेजात उद्या मुलांना सांगणार आहे की पान पाच चुकीचं आहे. पण आईनं तुझा हात समजून जो धरला होता, तो डावा होता. तू डावखुरी नाहीस, मी आहे, हे तिला पक्कं माहीत होतं. झोपण्याआधी तिनं एवढंच म्हटलं, "जाय आता, जेवून घे, मोठे." लहाने नाही, मोठे म्हणाली ती. मी ते कोणाला सांगितलं नाही.

संजीवनी